विस्तवाला टिकणारी माती : परसातल्या अग्निकुंडाचा छत्तीसगढी इतिहास

 

या मालिकेत आपण आजवर किल्ले पाहिले, मोहिमा पाहिल्या, तह पाहिले. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की कर्नलसाहेब रस्ता चुकले. विषय आहे परसातलं अग्निकुंड. थंडीत चार माणसं भोवती बसून शेकतील, पोरं कणसं भाजतील, असं अंगणात बांधलेलं पक्कं कुंड. हल्ली रायपूरच्या नव्या वसाहतींतून, नागपूर-पुण्याच्या फार्महाउसांवरून ही हौस वाढली आहे. ते बांधताना पहिला प्रश्न येतो तो सामानाचा. दगड घ्यावा की वीट? कोणता दगड? कोणती वीट? सिमेंट चालेल का? लोखंडाचा पिंप कापून घेतला तर?

या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता येईल, आणि शेवटी मी ते देणारच आहे. पण ते उत्तर कुठून आलं, हे पाहायला गेलो तर छत्तीसगढचा दीड हजार वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो. आगीपुढे कोण टिकतं आणि कोण फुटतं, याची परीक्षा या भूमीत जितकी झाली तितकी फार थोड्या ठिकाणी झाली असेल. आणि त्या परीक्षेचे निकाल ज्यांनी लावले, त्यांतल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्या पुस्तकांत नाहीत.

शेगडी आणि गोरसी

सुरुवात घरातून करू. मराठीत विस्तवाच्या जागेला किती शब्द आहेत पाहा. स्वयंपाकाची चूल, तिच्या बाजूचा वैल, उचलून नेता येते ती शेगडी, लोक भोवती बसतात ती शेकोटी, साधूची धुनी, यज्ञाचं कुंड. प्रत्येक शब्दामागे सामान वेगळं आहे. चूल मातीची, शेगडी मातीची किंवा लोखंडाची, शेकोटीला काहीच लागत नाही, उघडी जमीन पुरते.

छत्तीसगढीत याला जोड सापडते. पैरा म्हणजे भाताचा पेंढा. पैरा, काटक्या पेटवून भोवती बसतात ती भुर्री. आणि आपल्या शेगडीची सख्खी बहीण म्हणजे गोरसी. मातीचं पसरट, जाड काठाचं भांडं. त्यात छेना, म्हणजे गोवऱ्या, आणि भुसा घालून मंद विस्तव ठेवतात. हिवाळ्यात म्हातारी माणसं ती पायाशी घेऊन बसतात. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला शेक द्यायलाही तीच. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवत, तोच हा रिवाज.

गोरसी करणारी बाई माती मळताना त्यात भुसा किंवा पेंढ्याचे बारीक तुकडे घालते. का? चिकण माती वाळताना आकसते आणि तडकते. पेंढा तिला धरून ठेवतो. पुढे विस्तवाने तो आतल्या आत जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांमुळे माती तापताना फुगायला जागा मिळते, आणि आतली ऊब बाहेरच्या काठाला चटका देत नाही. आजच्या कारखान्यांत उष्णतारोधक विटा करताना मातीत लाकडाचा भुसा मिसळतात, तो याच कारणासाठी. गोरसी करणाऱ्या बाईला हे कुणी पाठ्यपुस्तकातून शिकवलं नव्हतं.

हे ज्ञान किती जुनं आहे? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० या दरम्यानची शेतकऱ्यांची वस्ती तिथे मिळाली. कुडाच्या घरांतून मातीच्या चुली निघाल्या, भांडी भाजायच्या भट्टीचे अवशेष निघाले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घोड नदीकाठच्या माणसाने विस्तवासाठी मातीच निवडली होती. भोवताली काळा कातळ हवा तेवढा पडलेला असताना.

रायपूरच्या पायाखाली काय आहे

आता रायपूरला येऊ. नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत १७४१ मध्ये रतनपुरावर चालून आला. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, ते १७८७ मध्ये निधन होईपर्यंत. रतनपूरच्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचंच. इंग्रजांचा अधिकारी अ‍ॅग्न्यू याने १८१८ मध्ये मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. मराठी घरं या मुलुखात आली ती या सगळ्या घडामोडींतून, आणि नंतर रेल्वे, शाळा, कचेऱ्या यांच्या निमित्ताने.

विदर्भातून येणाऱ्या माणसाला इथली जमीन वेगळी लागते. दख्खनचा काळा बेसॉल्ट इथे नाही. तो तुम्हाला मैकल डोंगराच्या माथ्यावर, अमरकंटककडे भेटेल. रायपूर बसलंय चुनखडीच्या दगडावर. अब्जभर वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा दगड. म्हणूनच रायपूर, तिल्दा, बलौदाबाजार या पट्ट्यात सिमेंटचे एवढे कारखाने आहेत. जुन्या रायपुरात ज्याला फर्शी पत्थर म्हणतात, तो सपाट थरांत निघणारा दगड याच कुळातला. अंगणाला फरसबंदी करायला उत्तम, कुंपणाला उत्तम, पायरीला उत्तम.

मातीचेही इथल्या शेतकऱ्याने चार प्रकार केलेत. कन्हार म्हणजे काळी, मटासी म्हणजे पिवळसर, डोरसा म्हणजे दोहोंच्या मधली, आणि भाठा म्हणजे मुरमाड लाल. कन्हार पाण्याने फुगते आणि उन्हाने फाटते. भाठ्यावर पाणी थांबत नाही. ही नावं नांगरासाठी पडली असतील, पण कुंड कुठे खणायचं हे ठरवायलाही ती तितकीच उपयोगी आहेत.

दगड का फुटतो

सहज हाताशी येतो म्हणून रायपुरातला माणूस अंगणातलं कुंड फर्शी पत्थराने बांधायला घेतो. दिसायला देखणं दिसतं. पण चुनखडीचा दगड आणि विस्तव यांचं वैर जुनं आहे.

चुनखडी साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून वायू जातो ४४ किलो, चुना उरतो ५६ किलो. चुन्याच्या भट्टीत हेच करतात. किल्ल्यांच्या भिंती, वाड्यांचे गिलावे याच चुन्यावर उभे राहिले. परसातल्या कुंडात लाकडाचे निखारे चांगले फुलले की आतलं तापमान ८०० ते ९०० अंशांच्या घरात सहज जातं. म्हणजे तुम्ही नकळत चुन्याची छोटी भट्टी लावता. दगडाचा आतला अंगोळा हळूहळू चुना होतो. पुढे पावसाचं पाणी पडलं की तो चुना फुलतो, गरम होतो, भुगा होऊन गळतो. दोन पावसाळ्यांत कुंडाचे दात पडायला लागतात.

त्याहून मोठा धोका पाण्याचा. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. दगडाच्या आत ओल अडकली असेल आणि बाहेर पडायला वाट नसेल, तर दगड फुटतो. हळू तडकत नाही, गोळी सुटावी तसा फुटतो. फौजेत डोंगराळ भागात असताना नव्या जवानांना आमचे जुने सुभेदार पहिल्या दिवशी एकच सांगत : नाल्यातला गोटा चुलीला लावायचा नाही. गोल, गुळगुळीत, हाताला छान लागणारा गोटा म्हणजे वर्षानुवर्षं पाण्यात मुरलेला दगड. चुलीचे दगड उंचवट्यावरून, कोरड्या जागेतून आणायचे. त्या सुभेदारांपैकी कुणी भूगर्भशास्त्र शिकलं नव्हतं. पण त्या एका वाक्याने किती डोळे वाचले असतील याची मोजदाद नाही.

तिसरी गोष्ट गारेची, म्हणजे क्वार्ट्झची. वालुकाश्म आणि ग्रॅनाइट यांच्यात ती भरपूर असते. ५७३ अंशांना क्वार्ट्झच्या कणांची आतली रचना बदलते आणि ते एकदम फुगतात. दगडातले इतर कण तेवढे फुगत नाहीत. ओढाताण होते, पापुद्रे सुटतात. आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये ही गार नसल्यासारखीच असते. म्हणून दख्खनमधला माणूस तीन काळे दगड मांडून चूल करतो आणि ती निभते. पण बेसॉल्टही घट्ट, कोरडा हवा. भोकाभोकांचा, ओल धरलेला नको.

तेव्हा एका गावचा शहाणपणा दुसऱ्या गावी जसाच्या तसा चालत नाही. पुण्यात चालणारी तीन दगडांची चूल रायपुरात फर्शी पत्थराची केली तर फसते. रायपूरच्या माणसाला दुसरी वाट शोधावी लागली, आणि त्याने ती मातीत शोधली.

सिरपूरची वीट

रायपूरहून ऐंशी-एक किलोमीटरवर, महानदीच्या काठी सिरपूर आहे. जुनं श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. तिथलं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं. राणी वासटा हिने आपला पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ, मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन याच्या कारकिर्दीत ते बांधवलं, हे तिथे मिळालेल्या शिलालेखावरून कळतं. चौथरा दगडी, गाभाऱ्याची द्वारशाखा दगडी, आणि बाकी सगळं मंदिर विटांचं. त्या विटा अशा घासून बसवल्या आहेत की सांध्यात बोटाचं नख जाणार नाही. गवाक्षं, कमानी, नक्षी, सगळं विटेत कोरलेलं. सुमारे चौदाशे पावसाळे त्यांनी पाहिले.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. सागर विद्यापीठाच्या वतीने त्यांनी १९५३ ते १९५६ या काळात सिरपूरचं उत्खनन केलं आणि आनंदप्रभ भिक्षूचा विहार उजेडात आणला. सिरपूर पाहायला जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

अग्निकुंडाच्या दृष्टीने सिरपूरची वीट काय सांगते? वीट म्हणजे एकदा आगीतून पास होऊन आलेली माती. ९०० ते १००० अंशांना भाजताना तिच्यातलं सगळं पाणी निघून गेलेलं असतं, कण एकमेकांना चिकटलेले असतात. आता पुन्हा तेवढ्याच आगीत टाकली तर तिला नवं काही भोगायचं शिल्लक नसतं. वैदिक यज्ञवेदी विटांची असे, यामागे धर्म असेल तसा व्यवहारही असणार. बौधायन शुल्बसूत्रात श्येनचिती, म्हणजे ससाण्याच्या आकाराची वेदी, सांगितली आहे. पाच थर, एकेका थरात २०० विटा, एकूण १०००. भूमितीचा केवढा तरी विचार त्या विटांच्या आकारांत आहे.

अगरियांची भट्टी

आता या इतिहासातल्या खऱ्या तज्ज्ञांकडे येतो. मैकलच्या डोंगरात, मंडला, दिंडोरी, बिलासपूर, सरगुजा या पट्ट्यात अगरिया नावाची जमात राहते. पिढ्यान्‌पिढ्यांचा त्यांचा धंदा लोखंड गाळण्याचा. त्यांच्या दैवतांत लोहासुर आहे, कोयलासुर आहे, अग्यासुर आहे. लोखंड, कोळसा आणि आग. कच्चा माल, इंधन आणि ताप, तिघांनाही देवत्व दिलेलं. व्हेरियर एल्विन यांनी या जमातीवर लिहिलेलं पुस्तक १९४२ मध्ये प्रसिद्ध झालं.

अगरियांची भट्टी छातीइतकीही उंच नसते. सगळी मातीची. वरून लाकडी कोळसा आणि लोहखनिज घालायचं, खालून मातीच्या नळीतून हवा द्यायची. हवा देणारा भाता पायांनी चालवायचा, एक पाय वर, एक पाय खाली, तासन्‌तास. लोखंड १५३८ अंशांना वितळतं. तेवढा ताप या भट्टीत होत नाही, आणि त्याची गरजही नसते. साधारण बाराशे अंशांच्या आसपास मळी वितळून वाहून जाते आणि लोखंडाचा स्पंजासारखा गोळा मागे राहतो. तो तापलेला असतानाच ठोकून ठोकून शुद्ध करायचा.

विचार करा. बाराशे अंश म्हणजे साध्या विटेच्या भाजणीपेक्षा जास्त. त्या तापात उभी राहणारी भिंत या लोकांनी नुसत्या मातीतून उभी केली. कोणत्या टेकडीची माती, कोणत्या ओढ्याची माती, कशात काय मिसळायचं, हे त्यांना ठाऊक होतं. ज्या मातीत चुना कमी, ती टिकते. ज्या मातीत चुन्याचे खडे, ती ढासळते. आज प्रयोगशाळेत आपण हेच मोजतो.

१८७८ च्या वनकायद्यानंतर जंगलं सरकारी झाली, कोळशासाठी झाड तोडणं अवघड झालं. दुसरीकडे विलायती लोखंड बाजारात स्वस्त मिळू लागलं. एकेक भट्टी थंड पडली. अगरिया मजुरीला लागले. फौजेत आम्ही एखादी पलटण मोडली तर तिची निशाणं सन्मानाने जपून ठेवतो. या लोकांची निशाणं कुणी जपली? कुठल्या मातीची भट्टी टिकते हे सांगणारा शेवटचा म्हातारा गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. ते पुन्हा मिळवायला कुठलीही मोहीम काढता येत नाही.

एक टोपली माती

माती आणि चूल यांवरची एक कथा इथेच, छत्तीसगढात लिहिली गेली, आणि लिहिणारा घरात मराठी बोलणारा होता. पंडित माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा इथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. दासबोध आणि लोकमान्यांचं गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेलं. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या मासिकात १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा आली. हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांमध्ये अनेक अभ्यासक तिची गणना करतात. जमीनदाराने एका अनाथ म्हातारीची झोपडी बळकावली आहे. तिची नात अन्न घेईना, म्हणते आपल्या घरीच जेवीन. म्हातारी जमीनदाराकडे एवढंच मागते की झोपडीतली एक टोपली माती नेऊ द्या, तिची चूल घालीन आणि त्यावर भाकरी करीन, मग तरी पोर जेवेल. जमीनदाराला ती टोपली उचलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला सुचवते की एका टोपलीचा भार सोसवत नाही, तर सगळ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा सोसणार? जमीनदार खजील होतो आणि झोपडी परत करतो.

ही कथा न्यायाची म्हणून शिकवतात, ते बरोबरच आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. म्हातारी पैसे मागत नाही, धान्य मागत नाही, चुलीपुरती माती मागते. चूल ज्या मातीची, ते घर आपलं, हा हिशोब त्या काळी प्रत्येक बाईला कळत होता.

नागपूरचा नकाशा आणि भिलाई

आता मोठ्या भट्टीकडे. जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ चा एक अहवाल पडला होता. आपल्या चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथल्या लोहखनिजाबद्दलचा. लोखंड उत्तम, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नाही, असा पेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा चांद्याचा नाद सोडावा अशा विचाराने नागपूरला अधिकाऱ्यांना भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता, आणि त्यात रायपूरकडच्या भागावर लोहखनिजाचा गडद रंग दिला होता.

ती माहिती होती भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांची. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडाच्या धंद्यावर त्यांनी १८८७ मध्ये लेख लिहिला होता. दोराबजी आणि वेल्ड नावाचे अमेरिकन तज्ज्ञ दल्ली-राजहराच्या डोंगरावर चढले. बुटाखालचा डोंगर धातूसारखा वाजतो असं तेव्हा त्यांना जाणवलं, असं सांगतात. टाटांचा कारखाना शेवटी मयूरभंजच्या खनिजामुळे साकचीला, म्हणजे जमशेदपूरला गेला. त्या खनिजाची खबर देणारं १९०४ चं पत्रही प्रमथनाथ बोसांचंच.

दल्ली-राजहरा आणखी अर्धं शतक थांबला. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. लोहखनिज दल्ली-राजहराचं. विदर्भातून किती मराठी कुटुंबं तेव्हा भिलाईला आली, ते तिथला गणेशोत्सव पाहिला की कळतं.

झोतभट्टीच्या आतलं अस्तर लक्ष देऊन पाहा. लोखंडी कवच बाहेर, आणि आत अग्निरोधक विटा. ॲल्युमिना आणि सिलिका भरपूर असलेल्या मातीच्या, उच्च तापावर भाजलेल्या. अगरियांच्या मातीच्या भिंतीचाच हा थोरला अवतार. आणि चुनखडी? तीही भट्टीत लागते, नंदिनीच्या खाणीतून येते. पण भिंतीला नाही. ती पोटात घालतात. तिथे ती तापून फुटते, चुना होते, खनिजातला कचरा धरते आणि मळी होऊन बाहेर येते. त्या मळीचं पुढे सिमेंट होतं. भिंतीत जो दगड नालायक ठरला, तोच भट्टीच्या पोटात अनिवार्य ठरला. फौजेत एक गोष्ट मी हजारदा पाहिली आहे. माणूस नालायक नसतो, त्याची नेमणूक चुकलेली असते.

मग परसात काय लावायचं

आता व्यवहार. क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट जागा. घरापासून, झाडाच्या फांद्यांपासून आणि गवती छपरापासून किमान दहा फूट लांब. काळ्या कन्हार मातीत खोल खणू नका, पावसाळ्यात ती फुगून कुंड उखडते. खणायचंच असेल तर फूटभर खणून तळाला मुरूम आणि खडी भरा. पाणी निघून गेलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आतलं कडं. विस्तव ज्याला शिवतो ते कडं अग्निरोधक विटांचंच. रायपूरच्या उरला, सिलतरा भागात लोखंडाच्या भट्ट्या असल्यामुळे या विटा इथे मिळायला कठीण नाहीत. भंगारातून जुन्या घ्यायच्या असतील तर मातकट, पिवळसर, बदामी रंगाच्या कोऱ्या अंगाच्या घ्या. काळपट, जड, मळी चिकटलेल्या विटा नकोत. काही भट्ट्यांच्या विटांत क्रोमियम असतं आणि वापरानंतर ते विषारी रूपात जाऊ शकतं. अग्निरोधक वीट परवडत नसेल तर चांगली भाजलेली, खणखण वाजणारी लाल वीट घ्या. ती काही वर्षांनी बदलावी लागेल, पण धोका देणार नाही.

तिसरी गोष्ट सांधा. आत सिमेंट नको. सिमेंट तीनशे अंशांपुढे ताकद गमवायला लागतं आणि चांगलं तापलं की भुगा होतं. अग्निरोधक मातीचा गारा पातळ थरात वापरा. राखेच्या विटाही आत नकोत. त्या भाजलेल्या नसतात, सिमेंटच्या किंवा चुन्याच्या जोरावर उभ्या असतात.

चौथी गोष्ट बाहेरचं कडं. इथे हौस करा. फर्शी पत्थर, जांभा, ग्रॅनाइट, काय हवं ते. फक्त आतल्या आणि बाहेरच्या कड्यात दोन इंच मोकळी जागा ठेवा, म्हणजे ताप बाहेर पोचत नाही. तळाशी चार ठिकाणी हवेला भोकं ठेवा.

पाचवी गोष्ट, काय अजिबात नको. नदीतला गोटा नको. ॲस्बेस्टॉसचा पत्रा नको, तो तापला की फुटतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात जातात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा पिंप नको. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ अंशांना उकळतं, आणि त्या धुराने ताप भरतो. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, जुने रेल्वे स्लीपर जाळायचे नाहीत.

सहावी गोष्ट पहिला जाळ. नव्या चुलीला आपल्या आज्या पहिले काही दिवस मंद विस्तव देत. कुंडालाही तेच. बांधून झाल्यावर आठवडाभर वाळू द्या, मग दोन-तीन दिवस थोड्या काटक्यांचा छोटा जाळ. ओल हळूहळू निघू द्या. पावसाळ्यात झाकून ठेवा, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा पहिल्यासारखीच सुरुवात करा. शेजारी पाण्याची बादली आणि वाळू असलीच पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट हुकूम म्हणून सांगतो. निखारे बंद खोलीत न्यायचे नाहीत. शेगडी असो, गोरसी असो, बंद दारं-खिडक्यांआड ती ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बर्फातल्या चौक्यांमध्ये बुखारी पेटवली की रात्री एक माणूस जागता ठेवायचा आणि हवेला फट ठेवायची, हा आमचा नियम होता. जुन्या घरांच्या कौलांतून, कुडाच्या भिंतींतून हवा खेळत होती, म्हणून गोरसी पायाशी घेऊन म्हातारी सुखाने झोपत होती. तुमच्या सिमेंटच्या खोलीत ती फट नाही. दर हिवाळ्यात उत्तरेकडून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. त्यांत आपलं कुणी नसावं.

मंडळी, कुंड बांधाल तेव्हा एक करा. तुमच्या गावात अजून चूल घालणारी, गोरसी करणारी, आवा लावणारी कुणी असेल तर तिला आधी विचारा, माती कुठली घेऊ. ती सांगेल ते लिहून ठेवा. नाव, गाव, टेकडी, ओढा, सगळं. किल्ल्यांचे नकाशे आपण जपले, या नकाशांकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

पुढच्या भागात रतनपूरच्या तलावांवर बोलू. जय हिंद.